चाकाचं काजळ

ब्रेक पहिल्यांदा ओरडला तो छावणीत, सासऱ्यांच्या दारात, आणि नेमका साडूंच्या समोर. मी थांबायला पाय ठेवला आणि पुढच्या चाकांमधून अशी बारीक, लांबलचक किंचाळी निघाली की समोरच्या गिरणीवर दळण घेऊन उभ्या असलेल्या बायकांनी वळून पाहिलं. साडू ओट्यावर खुर्ची टाकून चहा पीत बसले होते. ते हसले नाहीत. हसले असते तर मला बरं पडलं असतं, चार शब्द सुनावता आले असते. त्यांनी कप खाली ठेवला आणि काळजीनं विचारलं, "पॅड नवे टाकले म्हणत होतात ना?"

टाकले होते. तीनच दिवस झाले होते. आणि फोनवर त्यांना ते मीच ऐकवलं होतं, त्यांनी विचारलेलं नसताना.

"नवे आहेत म्हणूनच," मी म्हणालो. "बसायला वेळ लागतो त्यांना."

"असेल," ते म्हणाले आणि पुन्हा चहा घेऊ लागले. त्या 'असेल'मध्ये जो समजूतदारपणा होता तो मला दिवसभर टोचत राहिला.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. शेंद्र्याच्या एका मोठ्या कंपनीत इंजिनियर. माझा धंदाही शेंद्र्यालाच आहे. कंपन्यांमधून निघालेले लाकडी पॅलेट, रिकामे ड्रम, मोडीत काढलेली यंत्रं मी विकत घेतो, नीट करतो आणि पुढं विकतो. ते सकाळी गळ्यात कार्ड अडकवून पुढच्या गेटनं आत जातात. मी ट्रक घेऊन मागच्या गेटला जातो आणि वॉचमन माझं नाव लिहून घेईपर्यंत उन्हात उभा राहतो. एकाच भिंतीच्या आत दोघांचं पोट. पण घरी कुणी पाहुणा आला की सासरे त्यांची ओळख करून देताना कंपनीचं नाव घेतात, हुद्दा सांगतात, आणि माझी वेळ आली की म्हणतात, "हे धाकटे. यांचं पण तिकडंच काहीतरी हाय."

काहीतरी. खुलताबादच्या घाटाखालच्या गावातून मी एका पिशवीनिशी या शहरात आलो. बारावी अर्धी सोडलेली. तुटके पॅलेट हातगाडीवर घालून मुकुंदवाडीपर्यंत ढकलत आणायचो आणि रस्त्याच्या कडेला बसून खिळे सरळ करायचो. आज माझं गोदाम आहे, दोन ट्रक आहेत, हाताखाली माणसं आहेत. यातलं काहीही मला कुणी दिलेलं नाही. जे मिळवलं ते घासाघीस करून, प्रसंगी भांडून मिळवलं. पण सासऱ्यांच्या घरात डिग्री भिंतीवर लागते. गोदाम भिंतीवर लावता येत नाही.

ते साडूंना 'साहेब' म्हणतात आणि मला 'जावई'. बायकोला हे बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "जावयाला जावई नाही तर काय कलेक्टर म्हणायचं?"

खरा सल मात्र गाडीचा होता. विजयादशमीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनी, आमचं सगळं घर पांढरे कपडे घालून विद्यापीठामागच्या लेणीला जातं. दरवर्षी सासरे साडूंच्या गाडीत पुढच्या सीटवर बसायचे. माझ्या गाडीत मुलं, डबे आणि सतरंजी. सासरे एसटीत ड्रायव्हर होते. उभं आयुष्य त्यांनी दुसऱ्यांना बसवून नेलं. असा माणूस म्हातारपणी कुणाच्या शेजारी बसतो याला माझ्या लेखी फार मोल होतं. लग्नाला चौदा वर्षं झाली, आणि या चौदा वर्षांत ते माझ्या शेजारी बसले ते मोजून तीन वेळा. त्यातल्या दोन वेळा साडू गावाला गेले होते.

यंदा मी पंधरा दिवस आधीच विचारून ठेवलं. सगळे बसलेले असताना, साडूंच्या देखत विचारलं, म्हणजे नाही म्हणायला जड जावं. म्हणालो, "मामा, यंदा लेणीला तुम्हाला मी नेणार."

ते थोडा वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "गाडी धड असंल तर येतो की. मला काय, बसायचंच हाय."

गाडी धड असेल तर. एवढे चार शब्द घेऊन मी दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडं गेलो. त्यानं चाकं उघडून पाहिली आणि पुढचे ब्रेक पॅड पातळ झालेत म्हणून सांगितलं. डिस्कला, म्हणजे ज्या लोखंडी थाळीला पॅड चावतात तिला, किनार आली होती. तो म्हणाला पॅडसोबत डिस्कही लेथवर मारून सपाट करून घ्या, नाहीतर आवाज करतील. मला वाटलं, हा काम वाढवतोय. मी नको म्हणालो. पॅडसुद्धा त्याला आणू दिले नाहीत. सुटे भाग मी कधीच मिस्त्रीच्या हातून घेत नाही. स्वतः जाफर गेटला गेलो आणि तिथल्या एका जुन्या दुकानात तासभर बसलो. दुकानदार वयस्कर, डोक्यावर जाळीची टोपी, मला गेल्या दहा वर्षांपासून ओळखणारा. भाव पाडून पाडून मी त्याला इतका दमवला की शेवटी त्यानं डबा काउंटरवर सरकवला आणि म्हणाला, "सेठ, दुनिया की हर चीज में भाव करो. ब्रेक में मत करो." मी हसलो आणि डबा उचलला. वाटलं, हरलेला माणूस असंच बोलतो.

पॅड बसले. दोन दिवस गाडी अशी गप्प थांबायची की मी मुद्दाम सिग्नलला काच खाली करून ऐकायचो. आणि मग रविवार आला. दर रविवारी आम्ही छावणीत सासऱ्यांकडं जातो, आणि साडूही येतात.

इथं मी एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी मी त्या वेळी कुणालाच सांगितली नव्हती. साडूंच्या गाडीचे टायर कायम काळेभोर असतात. वॉशिंग सेंटरवाला ब्रशनं नुसत्या रबराला पॉलिश लावून देतो. मागच्या वर्षी सगळे जेवायला बसलेले असताना मी म्हणालो होतो, "साडूभाऊ, बायकांना काजळ लागतं हे ठाऊक होतं. तुमच्या चाकांना पण लागतं होय?" सगळी पंगत हसली. सासरेसुद्धा हसले, ठसका लागेपर्यंत. त्या घरात माझ्या बोलण्याला एवढं हसू त्याआधी कधी मिळालं नव्हतं. साडूही हसले, पण त्यांचे कान लाल झालेले मी पाहिले आणि ते बरेच दिवस जपून ठेवले.

आता गंमत अशी, की सासरे माझ्या गाडीत बसणार म्हटल्यावर मला माझे टायर खुपायला लागले. पांढरट, धुळकट, शेंद्र्याची माती चढलेले. शेजारी साडूंची गाडी उभी राहिली की माझी गाडी तिची मोलकरीण वाटायची. मी टायर चमकवायचा स्प्रे आणला. रविवारी सकाळी गल्ली उठायच्या आधी गाडी धुतली आणि चारही चाकांवर तो मन लावून फवारला. जाळीच्या चाकांना आतून-बाहेरून फवारला, हात राखला नाही. मग डबा डिकीत, जॅकच्या मागं, फडक्यात गुंडाळून ठेवला. ज्यानं भर पंगतीत काजळाची थट्टा केली, त्याच्या डिकीत काजळाची डबी सापडायला नको होती.

त्याच दिवशी छावणीत ब्रेक ओरडला. खरं तर वाटेत क्रांती चौकातच कानावर काहीतरी आलं होतं, पण शेजारच्या रिक्षाचं असेल म्हणून मी सोडून दिलं.

सोमवारी दुकान उघडायच्या आधीच मी जाफर गेटला हजर. दुकानदार शटर वर करत होता, तोवर मी तोंड सुरू केलं. नकली माल दिलास, ओळखीच्या माणसाला फसवलंस, आता चार लोकांत नाव सांगतो, असं बरंच काही. आजूबाजूचे दुकानदार जमले. त्यानं शांतपणे डबा मागितला, त्यावरचा शिक्का दाखवला, मग म्हणाला माल असली है, लगानेवाले को पूछो. मी त्याच तावात मिस्त्रीकडं गेलो आणि तिथं दुसरा फड रंगवला.

मिस्त्री माझ्या ओरडण्याला सरावलेला आहे. त्यानं मला स्टुलावर बसवलं आणि चाकं खोलली. पॅड सरकतात त्या पिना मोकळ्या आहेत का ते पाहिलं. पॅडच्या पाठीमागं आवाज मारायला बारीक पत्रा असतो, तो जागेवर होता. त्यानं सगळं फवारून धुतलं, पॅडचा चेहरा पॉलिश पेपरनं घासला, पाठीला जपून ग्रीस लावलं. मग मला विचारलं, "मधी काय केलं का गाडीला? कुठं धुवायला टाकली, काय मारलं?"

मी म्हणालो, "काही नाही."

हे खोटं का बोललो? त्या क्षणी मला ते खोटं वाटलंच नाही असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. पॉलिश टायरला, आवाज ब्रेकला, यांचा काय संबंध. पण तेवढंच नव्हतं. त्याच मिस्त्रीकडं साडूंच्या ऑफिसातली दोन माणसं गाडी दुरुस्तीला टाकतात. गोष्ट तिकडून शेंद्र्याला जायला वेळ लागला नसता.

गाडी गप्प झाली. आठवडाभर गप्प राहिली. पुढच्या रविवारी मी पहाटे उठून पुन्हा टायर काळे केले, थोडे जास्तच, कारण आता साडूंना दाखवायचं होतं. आणि छावणीच्या त्याच वळणावर, त्याच गिरणीसमोर, ती पुन्हा किंचाळली. या वेळी सासरेही ओट्यावर होते. ते चष्मा कपाळावर सरकवून माझ्या पुढच्या चाकाकडं जरा जास्त वेळ पाहत राहिले. मला वाटलं, टायर बघतायत, चमक आवडली असेल.

साडू उठून आले. खरोखर मदत करायला आले. म्हणाले, "माझ्या ओळखीचं सर्व्हिस सेंटर आहे, मी फोन करू का? ते मशीनवर बघून सांगतात."

"माझा मिस्त्री कानानं सांगतो," मी म्हणालो.

"मग काय सांगितलं त्यानं?" त्यांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता, हे मला आज कळतं. त्या दिवशी मी इतका भडकलो की जेवणाआधीच घरी निघालो. वाटेत बायको म्हणाली, "दाजी चांगलं विचारत होते."

"तेच तर दुखतं," मी म्हणालो आणि ब्रेक मारला. ब्रेक माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडला.

मग मी मान खाली घालून मिस्त्रीचं ऐकलं आणि डिस्क लेथवर मारून घेतली. नव्या रुपयासारखी लख्ख झाली. मिस्त्री गाडीत बसून माझ्याबरोबर रेल्वे स्टेशनपर्यंत आला, मला हळू, मध्यम, जोरात थांबायला लावलं. हूं नाही की चूं नाही. मला पटलं की दोष किनारीचाच होता, आणि पहिल्याच दिवशी लेथला नाही म्हणालो म्हणून हे झालं. थोडी लाज वाटली. पण आता गाडी धड होती. विजयादशमीला तीन दिवस राहिले होते, आणि ते तीनही दिवस ती गप्प होती.

विजयादशमीच्या सकाळी मी पांढरा झब्बा घालायच्या आधी काय केलं असेल ते सांगायला नको. डबा संपेपर्यंत फवारलं.

छावणीत पोचलो तर साडूंची गाडी आधीच लागलेली. सासरे दारात उभे, कडक इस्त्रीचा पांढरा झब्बा, हातात काठी. माझी बायको उतरायच्या आत मला सासऱ्यांच्या पायाजवळ गाडी आणून उभी करायची होती, दार त्यांच्या हाताशी यावं अशी. मी अलगद पाय ठेवला. गाडीनं गळा काढला. नुसती किंचाळी नाही, शेवटी एक हुंदकासुद्धा.

मेहुणी तोंडाला पदर लावून आत गेली. साडूंनी खिशातून किल्ली काढली आणि स्वतःच्या गाडीचं पुढचं दार उघडून धरलं. एवढं सभ्यपणे त्यांनी ते केलं, की मला त्या दाराकडं बघवेना. ब्रेक ओरडतो म्हणून काय झालं, गाडी थांबत नाही का, असं मी म्हणणार होतो. पण सासरे पायरीवरून खाली आले आणि साडूंना म्हणाले, "साहेब, तुम्ही बायकापोरांना घेऊन व्हा पुढं. वंदनेला जागा धरा. मी येतो जावयांबरोबर."

"मामा, ब्रेक..." साडू म्हणाले.

"ऐकला मी. बहिरा नाय झालो अजून."

गाडी भरली, गेली. माझी बायकोही त्यातच गेली. गल्लीत आम्ही दोघं राहिलो. मी दार उघडलं, तर सासरे बसले नाहीत. काठी टेकत पुढच्या चाकाशी गेले.

"थांबताना पाय जास्त दाबावा लागतो का?"

"थोडा."

"मिस्त्रीकडून आणली की गप असती, आणि माझ्या दारात आली की वरडती. व्हय?"

मी हो म्हणालो.

"मग माझ्या दारात यायच्या आधी काय करता तुम्ही तिला?"

त्यांनी वाकून चाकाच्या जाळीतून दोन बोटं आत घातली, रिमच्या आतल्या बाजूनं फिरवली आणि बाहेर काढली. बोटं ओली, काळी, चकचकीत. त्यांनी ती नाकाशी नेली. मग अंगठ्यानं चोळून चोळून बघितली, जसं बाजारात तेलाची पारख करतात.

"काजळ," ते म्हणाले.

हसले असते तरी चाललं असतं. ते हसले नाहीत. म्हणाले, एसटीत असताना चाकातलं ग्रीस गळून ब्रेकच्या लायनिंगवर उतरलं की गाडी अशीच ओरडायची. पहिला नियम हाच, की ब्रेकच्या आसपास चिकट काही जाऊ द्यायचं नाही. ओरडते ते सोडा, थांबायला कमी थांबते ते वाईट. लेणीच्या उतारावर पोरंसोरं असतात. "जॅक काढा," ते म्हणाले. "आणि झब्बा काढा."

जॅकच्या मागं फडक्यात गुंडाळलेला रिकामा डबा होता. तो मी त्यांच्या देखतच बाहेर काढला, कारण दुसरा इलाज नव्हता. त्यांनी तो हातात घेऊन वाचला आणि गिरणीच्या कचऱ्याच्या पिंपात टाकून आले. मला वाटलं होतं ते विचारतील, पंगतीतल्या त्या थट्टेचं काय. त्यांनी ती गोष्ट काढली नाही.

विजयादशमीच्या सकाळी सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यांत लेणीकडं निघालेली, आणि मी बनियनवर गल्लीत बसून चाकाचे नट खोलत होतो. जाणारा येणारा 'जय भीम' म्हणत होता आणि मी काळे हात जोडत होतो. सासरे स्टूल टाकून शेजारी बसले. खोललेले नट मी जमिनीवर ठेवायला गेलो तर त्यांनी तळहात पुढं केला. सगळा वेळ ते नट त्यांनी मुठीत धरून ठेवले. घरातून पॉलिश पेपर आणि साबणाचं गरम पाणी आणवलं. पेट्रोल वापरू का म्हणालो तर नको म्हणाले, साबणच बरा. डिस्क धुवायची, कोरड्या फडक्यानं पुसायची, पुन्हा धुवायची. पॅडचा तोंडवळा घासून वरचा चकचकीत थर काढायचा. "फार भिनलं नाय, वरवरच हाय," ते म्हणाले. "पण उद्या मिस्त्रीला दाखवा. भिनलं असंल तर नवीन टाका. आणि टाकताना त्याच्याशी भांडू नका."

त्या 'भांडू नका'नं मला तोंड फुटलं. हात कामात होते म्हणून बोलणं सोपं गेलं. मी म्हणालो, "मामा, एक विचारतो. मी शिकलो नाही म्हणून तुम्ही माझ्या गाडीत बसत नाही ना?"

ते मुठीतले नट हलवत राहिले. खुळखुळ आवाज येत होता.

"घाटातली सीताफळं आठवतात का?" त्यांनी विचारलं.

मला आठवेना. मग त्यांनी आठवण करून दिली. काही वर्षांपूर्वी मी त्यांना खुलताबादहून आणत होतो, साडू गावाला गेलेले तेव्हाच. घाटात एक बाई सीताफळं घेऊन बसली होती. मी गाडी उन्हात उभी केली, काचा वर, आणि उतरून भाव करायला लागलो. बाईही वस्ताद होती. मग आमचं वाजलं. मी टोपली खाली ठेवली, पुन्हा उचलली, गाडीपर्यंत आलो, पुन्हा गेलो. सासरे आत बसून घाम पुसत होते. शेवटी मी जिंकलो, सीताफळं मी म्हणेन त्या भावात आणली. घरी येऊन सगळ्यांना ती गोष्ट रंगवून सांगितली. हे मात्र मला चांगलं आठवत होतं. ते गाडीत होते, तेवढं विसरलो होतो.

"शिक्षणाचं काय घेऊन बसलात," ते म्हणाले. "मी कुठं शिकलोय. पण जन्मभर मी भांडणं घेऊन गाडी चालवली. सुट्ट्या पैशावरून, जागेवरून, खिडकीवरून. आता बसलो की गप बसून जायला बरं वाटतं. साहेब बोलत नायत. लई कंटाळवाणे हायत, पण बोलत नायत."

मला राग आला. खरं सांगायचं तर सुटकेआधी रागच आला. चौदा वर्षं मी ज्या जखमेला फुंकर घालत होतो ती जखम भलत्याच जागी निघाली. डिग्रीचा सल मला कामाचा होता. त्याच्यावर मी गोदाम उभं केलं होतं. आता हा माणूस सीताफळं सांगत होता.

चाकं बसवली. नट देताना त्यांच्या मुठीतलं काळं ग्रीस पांढऱ्या बाहीला लागलं, चांगलं चार बोटं. मी कपडा बदलून या म्हणालो. राहू द्या म्हणाले. मग मला गल्लीत एकट्याला गाडी पुढं-मागं घेऊन दहा-बारा वेळा थांबायला लावलं, आधी हळू, मग जोरात. पहिल्या दोन वेळा ती थोडी कुरकुरली, मग गप्प झाली. पाय पहिल्यासारखा लागत होता. तेव्हा कुठं ते माझ्या शेजारी बसले आणि काच खाली केली.

मिल कॉर्नरला एक दुचाकीवाला असा आडवा घुसला की मला कचकन थांबावं लागलं. आवाज आला नाही. मी काच खाली केली, मान बाहेर काढली, वाक्य ओठावर आलं होतं, चांगलं तिखट होतं. सासरे समोर बघत होते. मी मान आत घेतली. ते वाक्य मला अजून आठवतं, कारण न वापरलेलं राहिलं.

लेणीच्या पायथ्याला गर्दी होती, निळे झेंडे, पुस्तकांचे स्टॉल, खिरीची रांग. साडूंनी आमच्यासाठी सतरंजी अंथरून जागा धरली होती. ते उठून पुढं आले, सासऱ्यांना हात दिला, बाहीवरचा डाग पाहिला आणि विचारलं, "काय निघालं ब्रेकमध्ये?"

साडूंच्या मागंच माझी मेहुणी होती, माझी बायको होती, पंगतीतली सगळी माणसं होती. सासऱ्यांनी काठी टेकली आणि बसता बसता म्हणाले, "धूळ. शेंद्र्याची. दुसरं काय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की सकाळी त्यांनी साडूंना आधी पुढं धाडलं आणि मगच चाकात बोटं घातली होती. चाकाकडं त्यांनी मागच्याच रविवारी बघून ठेवलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण माझ्यासारख्या माणसाला न मागता काही मिळालं की त्याचा भाव करता येत नाही, आणि त्याचं काय करावं ते समजत नाही. मी सतरंजीच्या टोकाला बसून राहिलो.

थोड्या वेळानं त्यांच्या एसटीतला एक जुना सोबती भेटला. सासऱ्यांनी साडूंची ओळख करून दिली, कंपनीचं नाव, हुद्दा, सगळं. मग माझ्याकडं हात केला. "हे धाकटे. आज मला यांनीच आणलं." एवढंच. मी दोन्ही ओळखी मनात शेजारी ठेवून तोलल्या. साडूंची लांब होती. पण डाग लागलेला हात माझ्याकडं झाला होता.

दुपारचं जेवण थोरल्या लेकीकडं, हे आधीपासून ठरलेलं होतं. आम्हाला माझ्या गावी जायचं होतं. त्यामुळं परतताना सासरे साडूंच्या गाडीत बसले. मला वाईट वाटायचं कारण नव्हतं आणि तरी वाटलं. त्यांनी खिडकीतून काठी हलवली. साडूंच्या शेजारी, पुढच्या सीटवर, माझं ग्रीस लागलेली बाही खिडकीच्या कडेवर टेकलेली. गाडी उतारावरून हळूहळू खाली गेली. खाली बायकांचा एक घोळका रस्ता ओलांडत होता, तिथं ती थांबली.

बायको म्हणाली, "अहो, बसा की. कुणाची वाट बघताय?"

मी हातानं तिला थांब म्हणालो. गर्दीच्या गलक्यातून मी कान देऊन ऐकत होतो. पण साडूंचे ब्रेक चांगले होते. काहीच आवाज आला नाही.